डेस्कटॉप नसलेल्या सर्व्हरवर व्हीएम सांभाळताना

प्रश्न असा आहे: एका लिनक्स सर्व्हरवर केव्हीएमच्या काही व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका सर्व्हरच्या पोटात चालणारे वेगवेगळे कॉम्प्युटर) आहेत, आधीचे अ‍ॅडमिन नोकरी सोडून गेले आणि आता त्या सगळ्या तुमच्या गळ्यात आल्या आहेत. सर्व्हरवर डेस्कटॉप नाही, फक्त एसएसएचने आत जाता येते. 'व्हर्श' या व्हीएम सांभाळायच्या साधनाची 'व्हर्श लिस्ट' ही कमांड दिली की यादी रिकामी येते. एका व्हीएमला 'शटडाउन' दिले तरी ती बंद होत नाही, आणि 'डिस्ट्रॉय' द्यायला हात धजत नाही. दर आठवड्याला स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपलेली स्थिती) घेतला की बॅकअपचे काम झाले का, असेही तुम्ही विचारले आहे.

शेवटच्याचे उत्तर आधी देऊन टाकतो: नाही, झाले नाही. का, ते खाली येईलच. कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे; टाइप करताना त्या अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या.

व्हीएमला आपण एक वस्तू समजतो, पण होस्टवर, म्हणजे ज्या सर्व्हरवर ती चालते त्यावर, ती तीन ठिकाणी विभागलेली असते. पहिले ठिकाण म्हणजे तिची व्याख्या. किती मेमरी, किती सीपीयू, कोणती डिस्क, कोणते नेटवर्क हे सगळे एका एक्सएमएल फाइलमध्ये लिहिलेले असते आणि ती फाइल लिबव्हर्ट (व्हीएमचा कारभार पाहणारे सॉफ्टवेअर; व्हर्श त्याच्याशीच बोलते) सांभाळते. दुसरे म्हणजे प्रोसेस. व्हीएम चालू केली की होस्टवर क्यूएमूची (व्हीएम प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रामची) एक प्रोसेस उभी राहते. 'पीएस'मध्ये ती दिसते, तिला पीआयडी असतो, बाकीच्या प्रोसेससारखीच ती मरूही शकते. केव्हीएम हा २००७ सालच्या २.६.२० आवृत्तीपासून लिनक्स कर्नलचाच भाग आहे आणि तो या प्रोसेसला सीपीयूतली व्हर्च्युअलायझेशनची सोय वापरू देतो. तिसरे म्हणजे डिस्क, म्हणजे बहुतेक वेळा '/व्हार/लिब/लिबव्हर्ट/इमेजेस' इथे पडलेली एक क्यूकाऊ२ (व्हीएमच्या डिस्कसाठीचा फाइलचा प्रकार) फाइल.

व्हर्शची प्रत्येक कमांड या तिघांपैकी नेमक्या कशाला तरी हात लावते. एंटर दाबण्याआधी 'ही व्याख्येवर चालते, प्रोसेसवर की डिस्कवर?' एवढे स्वतःला विचारायची सवय लागली की तुमची निम्मी भीती जाईल, आणि उरलेली निम्मी योग्य जागी राहील. एक्सएमएल हा व्हीएमचा सातबारा आहे असे समजा: ती जमीन नव्हे, जमिनीची नोंद. नोंद पुसली तरी जमीन जागेवर असते, आणि जमीन गेली तर नुसती नोंद हातात धरून उपयोग नसतो.

आता रिकामी यादी. 'व्हर्श लिस्ट' फक्त चालू असलेल्या व्हीएम दाखवते, म्हणून आधी 'व्हर्श लिस्ट --ऑल' द्या. तरीही काही दिसत नसेल तर 'व्हर्श यूआरआय' द्या. उत्तर 'क्यूएमू:///सेशन' आले तर घोळ तिथेच आहे. लिबव्हर्टची दोन वेगळी दालने असतात: 'सिस्टिम' हे संपूर्ण सर्व्हरचे आणि 'सेशन' हे त्या त्या युजरचे खासगी. साध्या युजरने व्हर्श चालवले की ते बहुतेक डिस्ट्रिब्यूशनांवर सेशनला जोडले जाते, आणि तिथे तुमच्या नावावर काहीच नसते. 'सुडो' लावून तीच कमांड द्या, व्हीएम दिसतील. कायमचा उपाय म्हणजे तुमच्या युजरला 'लिबव्हर्ट' या ग्रुपमध्ये घालायचे आणि 'लिबव्हर्ट_डिफॉल्ट_यूआरआय' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 'क्यूएमू:///सिस्टिम' असे ठेवायचे. मात्र हा ग्रुप म्हणजे जवळपास रूटचाच अधिकार, कारण होस्टवरची हवी ती डिस्क व्हीएमला जोडता येते. तो सरसकट वाटू नका.

व्हीएम दिसल्या की दुसरे काहीही करण्याआधी प्रत्येकीची व्याख्या बाहेर काढून ठेवा: 'व्हर्श डम्पएक्सएमएल --इनअ‍ॅक्टिव्ह वेब', आणि जे छापले जाईल ते फाइलमध्ये. 'वेब' हे इथे व्हीएमचे नाव आहे. नेटवर्कांसाठी 'नेट-डम्पएक्सएमएल', स्टोरेज पूलसाठी 'पूल-डम्पएक्सएमएल'. या सगळ्या फाइली गिटमध्ये टाका आणि ती रेपॉझिटरी दुसऱ्या मशीनवर ठेवा. फाइली काही केबींच्या असतात, काम दहा मिनिटांचे असते, आणि आधीच्या माणसाने काय काय करून ठेवले आहे ते वाचायची तीच सगळ्यात चांगली जागा असते.

बंद करण्याच्या कमांड

'व्हर्श शटडाउन वेब' ही विनंती आहे. व्हीएमच्या पॉवर बटणावर कोणी बोट ठेवावे तसा एसीपीआय संदेश गेस्टला (व्हीएमच्या आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला) जातो आणि कमांड लगेच परत येते. 'बंद होत आहे' असा संदेश छापला म्हणजे बंद झाली असे नाही. गेस्टने तो संदेश ऐकून स्वतःला बंद करायचे असते. गेस्टमध्ये ऐकणारे कोणी नसेल, किंवा गेस्ट अडकलेला असेल, तर काहीच होत नाही. अशा वेळी 'शटडाउन --मोड एजंट' वापरून पाहावे, पण त्यासाठी गेस्टमध्ये क्यूएमू गेस्ट एजंट (होस्टचे निरोप ऐकणारा छोटा प्रोग्राम) बसवलेला आणि एक्सएमएलमध्ये त्याचा चॅनेल असायला हवा. तुमच्या ताब्यातल्या प्रत्येक व्हीएममध्ये तो बसवून घ्या. पुढे आयपी शोधताना, फाइलसिस्टिम गोठवताना, घड्याळ जुळवताना, दर वेळी तो लागतो.

'व्हर्श डिस्ट्रॉय वेब' हे नाव भीतीदायक आहे, पण ती कमांड फक्त प्रोसेस मारते. व्याख्या जागेवर राहते, डिस्क जागेवर राहते, 'व्हर्श स्टार्ट वेब' दिले की व्हीएम पुन्हा उठते. चालत्या कॉम्प्युटरची वायर ओढल्यावर जे नुकसान होऊ शकते तेच इथे: मेमरीत असलेले पण डिस्कवर न लिहिलेले जाते, फाइलसिस्टिमला जर्नल तपासावे लागते, डेटाबेसला रिकव्हरी करावी लागते. 'डिस्ट्रॉय --ग्रेसफुल' थोडी सौम्य असते. प्रोसेसला नीट आवरायला वेळ देते आणि तिने ऐकले नाही तर जबरदस्ती न करता चूक सांगून परत येते. मी आधी तीच देतो. इथे प्रॉक्समॉक्स (केव्हीएमवरच बांधलेली, स्वतःच्या कमांड असलेली वेगळी प्रणाली) वापरणाऱ्यांनी विशेष जपावे: तिथे 'क्यूएम डिस्ट्रॉय' म्हणजे खरोखरच व्हीएम आणि तिच्या डिस्क पुसणे, आणि वायर ओढण्यासाठी 'क्यूएम स्टॉप'. एका ठिकाणची सवय दुसऱ्या ठिकाणी नेली तर डेटा जातो.

खरी जपून वापरायची कमांड 'अनडिफाइन' आहे. ती नोंद पुसते. बंद व्हीएमवर दिली तर व्हीएम यादीतून जाते, डिस्कची फाइल तशीच राहते. सोबत '--रिमूव्ह-ऑल-स्टोरेज' दिले तर डिस्कही जाते, आणि रिसायकल बिन वगैरे इथे काही नसते. चालू व्हीएमवर 'अनडिफाइन' दिली तर प्रकार आणखी फसवा होतो: व्हीएम चालूच राहते, युजरांना काही कळत नाही, यादीतही ती दिसते. पण तिची कायमची नोंद गेलेली असते, आणि ज्या दिवशी ती बंद होईल त्या दिवशी ती यादीतून नाहीशी होते. असे कोणी करून ठेवले असेल तर व्हीएम चालू असतानाच 'डम्पएक्सएमएल' घ्या आणि ती फाइल 'व्हर्श डिफाइन'ला द्या; नोंद पुन्हा कायमची होते. अशा अर्धवट व्हीएम शोधायला 'व्हर्श लिस्ट --ट्रान्झियंट' आहे. नवीन सर्व्हर ताब्यात घेतल्यावर ही कमांड एकदा द्यावीच.

शटडाउनने न हलणारी तुमची व्हीएम

तिच्यावर डिस्ट्रॉय चालवण्याआधी एक कमांड द्या: 'व्हर्श डोमस्टेट वेब --रीझन'. उत्तर 'रनिंग' आले तर वर सांगितल्याप्रमाणे गेस्ट ऐकत नाही. पण उत्तर 'पॉज्ड (आय/ओ एरर)' आले तर प्रकरण वेगळे आहे, आणि तुमच्या वर्णनावरून मला हीच शंका जास्त येते. थांबवलेल्या व्हीएमचे सीपीयूच चालत नसतात, त्यामुळे तुमचा शटडाउनचा संदेश ऐकणार कोण?

असे बहुतेक वेळा होस्टची डिस्क भरल्यामुळे होते. क्यूकाऊ२ फाइल सुरुवातीला छोटी असते आणि गेस्ट लिहील तशी फुगते. शंभर जीबीची डिस्क म्हणून दिलेली फाइल होस्टवर आज वीस जीबी असते. अशा दहा डिस्क पाचशे जीबीच्या जागेवर ठेवल्या की कागदावर एक हजार जीबी वाटलेले असतात, आणि कधी ना कधी सगळे आपापला वाटा मागायला येतात. होस्टवर जागा संपली की क्यूएमू गेस्टला चूक कळवत नाही, त्याला जागच्या जागी थांबवतो. अडकलेले लेखन तसेच रांगेत राहते. ही फार चांगली सोय आहे, कारण गेस्टच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसते, फक्त वेळ थांबलेली असते. अशा क्षणी डिस्ट्रॉय दिले तर ते अडकलेले लेखन फुकट घालवले.

'व्हर्श डोमब्लकएरर वेब' दिले की कोणत्या डिस्कवर जागा संपली ते दिसते. होस्टवर 'डीएफ -एच' पाहा. मग जागा मोकळी करा: जुने आयएसओ, फुगलेले जर्नल लॉग, '/व्हार/लिब/लिबव्हर्ट/क्यूएमू/सेव्ह' मधल्या कोणाला नको असलेल्या सेव्ह फाइली (त्या 'मॅनेज्डसेव्ह-रिमूव्ह'ने काढायच्या, हाताने नव्हे, आणि त्या काढल्या की त्या व्हीएमची जपून ठेवलेली मेमरी जाते, हे ध्यानात ठेवून). इमेजेस फोल्डरमधली एखादी क्यूकाऊ२ जुनी दिसते, महिनोन्महिने तिची तारीख बदललेली नाही, म्हणून ती उडवू नका. ती दुसऱ्या फाइलचा पाया असू शकते, आणि पायाची फाइल वाचली जाते, लिहिली जात नाही, म्हणून तिची तारीख जुनीच दिसणार. सगळ्या व्हीएमचे 'डोमब्लकलिस्ट' काढा, आणि प्रत्येक फाइलवर 'क्यूएमू-आयएमजी इन्फो -यू --बॅकिंग-चेन' चालवा. 'यू' हे अक्षर तिथे मोठे लागते; त्याने चालू व्हीएमची फाइलही फक्त वाचण्यासाठी उघडता येते. ज्या फाइलचे नाव यातल्या कुठल्याच साखळीत येत नाही तिचाच विचार करायचा, आणि तीही आधी दुसरीकडे हलवायची.

जागा झाली की 'व्हर्श रिझ्यूम वेब'. व्हीएम जिथे थांबली होती तिथून पुढे चालते. तिचे घड्याळ मागे पडलेले असते. एजंट असेल तर 'व्हर्श डोमटाइम वेब --सिंक', नाहीतर गेस्टमधला क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) जुळवून घेईल, पण पाहून खात्री करा. चुकलेल्या घड्याळाने लॉगिनपासून टीएलएसपर्यंत नको त्या ठिकाणी गोष्टी अडतात. नंतर सवडीने डिस्कच्या एक्सएमएलमध्ये ड्रायव्हरच्या ओळीत 'डिस्कार्ड=अनमॅप' घाला आणि गेस्टमध्ये 'एफएसट्रिम' नियमित चालू ठेवा. त्याशिवाय गेस्टमध्ये पुसलेल्या फाइलींची जागा होस्टला परत मिळत नाही.

बदल कुठे लागू झाला?

मेमरी किंवा सीपीयू बदलताना नवखे हमखास गोंधळतात. 'व्हर्श एडिट' व्याख्या बदलते, चालू प्रोसेसला धक्का लावत नाही. बदल लागू व्हायला व्हीएम पूर्ण बंद होऊन नव्याने सुरू व्हावी लागते. गेस्टच्या आतून 'रीबूट' केल्याने भागत नाही, कारण तेव्हा क्यूएमूची प्रोसेस तीच राहते. 'डम्पएक्सएमएल' आणि 'डम्पएक्सएमएल --इनअ‍ॅक्टिव्ह' यांचा 'डिफ' घेतला की आज काय चालू आहे आणि पुढच्या वेळी काय होणार आहे, यातला फरक दिसतो. डिफमध्ये लिबव्हर्टने चालू व्हीएमला आपणहून दिलेली काही टोपणनावे आणि पोर्ट दिसतील, ते सोडून द्या.

'सेटव्हीसीपीयूज', 'सेटमेम', 'अटॅच-डिस्क' यांसारख्या कमांडना '--लाइव्ह' आणि '--कॉन्फिग' असे दोन पर्याय असतात. पहिला चालू प्रोसेसवर, दुसरा नोंदीवर. दोन्हीकडे हवे तर दोन्ही लिहा. नुसत्या लाइव्हने जोडलेली डिस्क पुढच्या स्टार्टनंतर गायब होते आणि मग तीन महिन्यांनी 'डेटा गेला' म्हणून फोन येतो. 'सेटमेम'चे एकक सांगितले नाही तर ते किबीबाइट धरते. 'सेटमेम वेब २०४८ --लाइव्ह' म्हणजे दोन जीबी नव्हे, दोन एमबी. बलून ड्रायव्हर (चालू असतानाच मेमरी होस्टला परत देणारा) असलेल्या गेस्टचा त्याने जागीच गळा आवळला जातो. '२जी' असे एककासकट लिहा. नेहमीच.

गेस्टच्या आत

आयपी माहीत नसेल तर 'व्हर्श डोमइफअ‍ॅडर वेब'. हे लिबव्हर्टच्या स्वतःच्या डीएचसीपीकडे विचारते, म्हणजे '१९२.१६८.१२२' वाल्या डिफॉल्ट नेटवर्कवर उत्तर मिळते. व्हीएम ऑफिसच्या ब्रिजवर, म्हणजे थेट ऑफिसच्या नेटवर्कवर, असेल तर उत्तर रिकामे येते. तिथे '--सोर्स एजंट' लावा. नेटवर्कच बंद पडले असेल तर 'व्हर्श कन्सोल वेब'. काळा पडदा आला आणि एंटर दाबून काही उमटले नाही तर कन्सोल बिघडलेला नसतो, गेस्ट सिरियल पोर्टवर बोलत नसतो. गेस्टमध्ये 'सिरियल-गेटी' ही सर्व्हिस 'टीटीवायएस०'वर चालू करा आणि कर्नलच्या ओळीत 'कन्सोल=टीटीवायएस०' घाला. बाहेर पडायला कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस. हे सगळे नेटवर्क व्यवस्थित चालू असतानाच करून ठेवायचे काम आहे.

स्नॅपशॉट आणि बॅकअप

यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण व्हीएमचा डेटा गेल्याच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात त्यात हा गैरसमज सगळ्यात वर आहे.

स्नॅपशॉट दोन प्रकारचे. अंतर्गत स्नॅपशॉट त्याच क्यूकाऊ२ फाइलच्या पोटात राहतो. प्रयोगाच्या व्हीएमवर तो सोयीचा, पण चालू व्हीएमची मेमरी त्यात साठवताना व्हीएम थांबते, आणि यूईएफआय फर्मवेअरच्या व्हीएमवर लिबव्हर्टच्या अनेक आवृत्त्या तो सरळ नाकारतात. बाह्य स्नॅपशॉटमध्ये आहे ती फाइल गोठते आणि तिच्यावर एक नवी फाइल चढते. तिला ओव्हरले म्हणतात. इथून पुढचे सगळे लेखन ओव्हरलेमध्ये. दोन्ही प्रकारांत मूळ डेटा त्याच डिस्कवर, त्याच सर्व्हरमध्ये असतो. डिस्क मेली की स्नॅपशॉटसकट मेली. चुकलेल्या अपडेटवरून मागे यायला स्नॅपशॉट उत्तम आहे, पण त्याला बॅकअप म्हणता येत नाही.

दर आठवड्याला बाह्य स्नॅपशॉट घेत गेलात तर वर्षाअखेर पन्नासहून अधिक फाइलींची साखळी तयार होते. नवी फाइल मागच्यावर, ती तिच्या मागच्यावर. वाचन मंदावते, जागा खाल्ली जाते, आणि मधली एक फाइल कोणी हाताने उडवली की तिच्यावर उभे असलेले सगळे कोसळते. तुमच्याकडे असे किती थर साचले आहेत ते आजच 'बॅकिंग-चेन'ने मोजा.

चालू व्हीएमची प्रत घ्यायची माझी नेहमीची रीत अशी. आधी:

व्हर्श स्नॅपशॉट-क्रिएट-अ‍ॅज वेब बॅकअप१ --डिस्क-ओन्ली --क्विएस --अ‍ॅटॉमिक --नो-मेटाडेटा

'क्विएस'मुळे एजंट गेस्टची फाइलसिस्टिम क्षणभर गोठवतो, म्हणजे गोठलेली फाइल सुसंगत असते. 'अ‍ॅटॉमिक'मुळे सगळ्या डिस्कचा स्नॅपशॉट एकत्र होतो, नाहीतर एकाचाही नाही. 'नो-मेटाडेटा' अशासाठी की हा ओव्हरले तासाभराचा पाहुणा आहे, त्याची नोंद लिबव्हर्टकडे राहायला नको. आता 'डोमब्लकलिस्ट वेब' द्या: 'व्हीडीए'समोर (व्हीएमच्या पहिल्या डिस्कच्या नावासमोर) नवी फाइल दिसली पाहिजे. मग जुनी, गोठलेली फाइल दुसऱ्या मशीनवर कॉपी करा. व्हीएम या सगळ्या काळात चालू आहे. कॉपी पूर्ण झाली की:

व्हर्श ब्लॉककमिट वेब व्हीडीए --अ‍ॅक्टिव्ह --पिव्हट --व्हर्बोज

ओव्हरलेमध्ये साठलेले लेखन मूळ फाइलमध्ये उतरते आणि व्हीएम पुन्हा मूळ फाइलवर येते. एकाहून जास्त डिस्क असतील तर प्रत्येकीसाठी ही कमांड वेगळी द्यावी लागते, आणि दुसरी डिस्क विसरणे फार सोपे आहे. पुन्हा 'डोमब्लकलिस्ट'. मूळ नाव दिसल्याशिवाय ओव्हरलेची फाइल पुसायची नाही. ही पायरी वगळणारी स्क्रिप्ट मी कोणाच्याही सर्व्हरवर राहू देत नाही. शिवाय कमिटच्या वेळी मूळ फाइल फुगू शकते, म्हणून भरत आलेल्या डिस्कवर हे सुरू करू नका.

लिबव्हर्टच्या अलीकडच्या आवृत्त्यांत 'व्हर्श बॅकअप-बिगिन वेब' आहे. नुसती दिली तर ती प्रत्येक डिस्कची पूर्ण प्रत मूळ फाइलशेजारी वेळेचा आकडा लावून बनवते, साखळीला हात न लावता. काम मागे चालू राहते; 'डोमजॉबइन्फो'ने प्रगती पाहायची आणि संपल्याची खात्री झाली की प्रत बाहेर न्यायची. नव्याने सुरुवात करत असाल तर हाच रस्ता धरा. मात्र यात फाइलसिस्टिम आपोआप गोठत नाही. 'डोमएफएसफ्रीझ' आधी आणि 'डोमएफएसथॉ' नंतर लगेच, असे स्वतः करावे लागते. प्रत सुरू झाली त्या क्षणाचीच असते, त्यामुळे ती पूर्ण होईपर्यंत गोठवून ठेवायची गरज नाही.

डेटाबेसची व्हीएम असेल तर या सगळ्याशिवाय गेस्टच्या आतून पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलचा डम्प वेगळा घ्याच. आणि डिस्कच्या प्रतीसोबत एक्सएमएल, तसेच यूईएफआयची व्हीएम असेल तर '/व्हार/लिब/लिबव्हर्ट/क्यूएमू/एनव्हीरॅम' मधली तिची फाइल (यूईएफआयच्या सेटिंग्ज तिच्यात असतात) ठेवा.

प्रत परत उभी करून पाहिल्याशिवाय तिला बॅकअप म्हणू नका. त्यासाठी एक्सएमएलची नक्कल करा, नाव बदला, यूयूआयडीची (व्हीएमच्या ओळख क्रमांकाची) ओळ काढून टाका (लिबव्हर्ट नवा देईल), डिस्कचा आणि एनव्हीरॅमचा पत्ता प्रतीचा द्या, आणि नेटवर्क एखादे बाहेर रस्ता नसलेले द्या. जुन्या आयपीसकट दुसरी व्हीएम त्याच नेटवर्कवर उठली तर खऱ्या व्हीएमची वाहतूक तिच्याकडे वळू शकते, आणि ऑफिसात 'अधूनमधून चालत नाही' या प्रकारच्या, शोधायला सगळ्यात अवघड, तक्रारी सुरू होतात.

अशीच एक गोष्ट क्लोनची. 'व्हर्ट-क्लोन' नवा मॅक पत्ता देते, तरी दोन उबंटू व्हीएम एकच आयपी घेऊन भांडताना दिसतात. कारण '/ईटीसी/मशीन-आयडी' दोघींत सारखा राहिलेला असतो आणि सिस्टिमडीचे नेटवर्क डीएचसीपीला ओळख त्यावरून बनवून देते. क्लोन बंद असतानाच 'व्हर्ट-सिसप्रेप' चालवा. मशीन-आयडी आणि एसएसएचच्या होस्ट की दोन्ही साफ होतात. काही डिस्ट्रिब्यूशनांवर की आपोआप पुन्हा बनत नाहीत, तेव्हा पहिल्या बूटला कन्सोलवर राहा.

स्क्रिप्ट आणि रीबूट

स्क्रिप्टमध्ये 'व्हर्श लिस्ट'चा तक्ता कापत बसू नका. '--नेम' दिले की नुसती नावे मिळतात. शटडाउननंतर 'डोमस्टेट' विचारत वाट पाहा, ठरावीक वेळाने थांबा, आणि डिस्ट्रॉय स्क्रिप्टवर सोपवू नका. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'एलसी_ऑल=सी' ठेवा. लिबव्हर्टचे संदेश अनेक भाषांत अनुवादित आहेत, त्यात मराठीही आहे. सर्व्हरची भाषा बदलली तर 'रनिंग' शोधणारी स्क्रिप्ट काहीच न सापडल्यासारखी वागेल.

होस्ट रीबूट करायच्या आधी 'व्हर्श लिस्ट --ऑल --ऑटोस्टार्ट' आणि 'व्हर्श नेट-लिस्ट --ऑल' पाहा. व्हीएमला ऑटोस्टार्ट आहे पण तिच्या नेटवर्कला नाही, असे असेल तर ती 'नेटवर्क चालू नाही' म्हणत उठणार नाही. होस्ट बंद होताना व्हीएमचे काय करायचे हे 'लिबव्हर्ट-गेस्ट्स' ही सर्व्हिस ठरवते. काही ठिकाणी ती व्हीएमना नीट बंद करते, काही ठिकाणी त्यांची मेमरी डिस्कवर साठवून झोपवते. तिच्या कॉन्फिगमधली 'ऑन_शटडाउन'ची ओळ आणि थांबायची मुदत वाचा. मुदत संपली तर उरलेल्या व्हीएमचे डिस्ट्रॉयच होते, म्हणून डेटाबेसच्या व्हीएमला बंद व्हायला लागतो त्याहून ती जास्त हवी. तुमच्या व्हीएम थोड्याच आहेत. पहिल्या रीबूटच्या वेळी त्या एकेक करून हाताने बंद करा, प्रत्येकीला किती वेळ लागतो ते लिहून घ्या, आणि त्यावरून मुदत ठरवा.